वणीच्या अलमारीचं पॉलिश

तुमच्या घरी चकचकीत पॉलिशचं टेबल, अलमारी, दिवाण असं काही असेल, तर त्यावरच्या एखाद्या ओरखड्यावरून हळूच नख फिरवून पाहा. नख अडलं नाही तर ओरखडा नुसता पॉलिशमध्ये आहे. तासाभराचं काम, चहा पिता पिता होतं. नख अडलं तर लाकूड कापलं गेलं आहे, आणि मग माझ्यासारख्या माणसाची दोन-तीन दिवसांची झोप गेली म्हणून समजा.

माझी अडतीस वर्षं असं नख फिरवण्यात गेली. राहतो दिग्रसला, पण काम यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, जिथून बोलावणं येईल तिथं. लोक मला युसूफ पॉलिशवाला म्हणतात. दुकान नाही, पाटी नाही. एक जाड कापडी पिशवी आहे, तिच्यात लाख, स्पिरिट, कापूस, मलमल, गेरू, पॉलिश पेपर, जुनं ब्लेड आणि एक लहान इस्त्री. या अंकाच्या संपादकांच्या डायनिंग टेबलावर दुधाच्या गरम पातेल्याचा पांढरा गोल उठला होता, तो मी काढून दिला. तेव्हापासून ते मागे लागले की तुमच्या कामाबद्दल लिहा. मी म्हटलं, साहेब, आमचं काम पुसायचं, त्यात लिहिण्यासारखं काय असते? खोटं कशाला बोलू, एक गोष्ट होती. ती तीन वर्षांपासून पोटात आहे. ती सांगायची म्हणूनच बसलो आहे, पण आधी कामाचे दोन शब्द सांगावे लागतील, नाहीतर ती समजणार नाही.

आमचं जुनं पॉलिश लाखेचं. पळसावर, बोरीवर किडे लाख करतात, तिचे पातळ पापुद्रे बाजारात मिळतात. ते स्पिरिटमध्ये विरघळवायचे, मलमलीत कापूस बांधून त्याची गुंडी करायची आणि लाकडावर पातळ पातळ हात द्यायचे. एक वाळला की दुसरा, असे पंचवीस-तीस. लाखेचा गुण असा की ती वाळल्यावरसुद्धा स्पिरिट लागलं की पुन्हा मऊ होते, म्हणून जुन्या पॉलिशमध्ये नवं असं मिसळतं की सांधा सापडत नाही. अवगुणही तोच. दारूचा किंवा अत्तराचा थेंब सांडला तरी डाग. आताची पोरं मशीननं फवारायचं पॉलिश करतात. ते दोन दिवसांत होतं आणि पाण्याला, चहाला जुमानत नाही. पण एकदा का खोल ओरखडा पडला की अख्खी फळी खरवडा. ज्याला नुसता ओरखडा काढून हवा, तो अजून मलाच शोधत येतो.

लोकांना वाटतं हे निवांत काम आहे, बसायचं आणि हात फिरवायचा. मला विचारा. हवेत ओल असेल तर पॉलिश दुधासारखं पांढरं पडतं. माशी बसली तर तिचे पाय उमटतात. ओलं असताना घरातलं कोणीतरी येऊन बोट लावून पाहतंच पाहतं, आणि वर विचारतं, वाळलं का हो? घरी आलो तरी जीव त्या फळीपाशी. माझी बायको नसीम म्हणते, तुम्ही जेवता घरी आणि पाहता भिंतीकडे. सकाळी पहिली गाडी पकडून गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहायचं आणि टेबल ठीक दिसलं की मगच पोटात चहा जायचा.

दिग्रसच्या एका कापूसवाल्या शेटजींचं काम अजून आठवतं. त्यांच्या वडिलांचं बैठं मेज होतं, त्याच्यावर दर लक्ष्मीपूजनाला कुंकवाचं स्वस्तिक, त्यांच्या बोलीत सातिया, काढायचे. पुसायचं नाही, पुढच्या वर्षी त्यावरच दुसरं. शेटजी म्हणाले, "युसूफमिया, मेज आरशावानी चमकलं पाहिजे, पन सातिया हलला नाही पाहिजे." आता कुंकू होतं तेलात कालवलेलं आणि लाखेत मुरलेलं. त्याच्या जवळ स्पिरिट नेलं तर लाल ओघळ सगळ्या मेजावर. त्यात मी मुसलमान माणूस. ते स्वस्तिक माझ्या हातून पसरलं असतं तर शेटजी काही बोलले नसते, पण मी त्या पेठेतून पुन्हा मान वर करून चाललो नसतो. तीन दिवस घाम पुसत होतो. शेवटी स्वस्तिकाभोवती मेणाचा बांध घातला आणि बोटभर अंतर सोडून काम केलं. शेटजींनी पाहिलं आणि म्हणाले, "आमच्यापेक्षा तुम्हालेच देवाची जास्त काळजी दिसून राह्यली."

बोरी अरबचे एक रिटायर गुरुजी होते, त्यांची तऱ्हा वेगळी. मोबाइलवर काहीतरी पाहून त्यांनी टेबलावर रॉकेल आणि खोबरेल तेल चोळलं. एक दिवस खूप चमकलं. मग त्यावर धूळ अशी चिकटली की पाहुण्यांच्या बाह्या काळ्या. मला बोलावलं आणि वर मलाच शिकवायला बसले की लाकूड श्वास घेतं. मी म्हटलं, गुरुजी, मग तुम्ही त्याचं नाक बुजवलं. त्यांना राग आला आणि चहा आलाच नाही. तेल निघायला चार दिवस लागले.

अशी घरं फिरता फिरता ओरखडे वाचता येऊ लागले. ड्रेसिंग टेबलच्या काठावर बांगड्यांचे बारीक, एकमेकांत गुंतलेले ओरखडे असतात. कुलपाभोवती किल्ल्यांच्या जुडग्याचे. पायाशी झाडूचे आणि पोरांच्या सायकलचे. लिहायच्या टेबलाच्या उजव्या काठावर घड्याळाच्या पट्ट्याच्या रेघा असल्या तर मी म्हणायचो, साहेब, तुम्ही घड्याळ उजव्या हातात बांधता. लोक हसायचे, शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. मलाही ते आवडायचं. पण पॉलिशवाला हा लोकांच्या निजायच्या खोलीपर्यंत जाणारा माणूस आहे. तिथं जे दिसतं ते तिथंच ठेवायचं, म्हणून तर लोक आत घेतात. डाग कशाचा हे विचारावं लागतं, त्याशिवाय औषध कळत नाही. त्याच्या पुढं विचारायची आमच्यात पद्धत नाही.

आता ती गोष्ट. नावं बदलली आहेत आणि जिची आहे तिला विचारून लिहितो आहे.

दिग्रसला मुळे बाबू म्हणून आहेत. सरकारी कचेरीत कारकून होते, सगळा जन्म कागद तपासण्यात गेला. त्यांची एकुलती एक मुलगी अनघा. ती नववीत असताना तिची आई गेली, बाबूंनी एकट्यानं तिला वाढवलं. तिच्या लग्नात आंदण द्यायला त्यांनी सागवानाची दोन दारांची अलमारी करून घेतली आणि पॉलिश मला दिलं. मी बावीस दिवस त्यांच्या ओसरीत बसलो होतो. बाबू कचेरीतून आले की चष्मा लावून फळी न फळी पाहायचे, जणू माझी फाइल तपासून राहिले. अनघा चहा घेऊन यायची आणि म्हणायची, "चाचा, माझा चेहरा दिसला पाहिजे बरं का यात." दिसायचाही. मी आयुष्यात जी पाच-सहा कामं मनासारखी केली, त्यात ती अलमारी. गोधड्यांत गुंडाळून टेम्पोत चढवली तेव्हा मी टेम्पोवाल्याला इतक्यांदा सांगितलं, की तो म्हणाला, चाचा, तुमीच बसा ना मागं.

मुलगी वणीला दिली होती. जावई कोळशाच्या ट्रकांच्या धंद्यात, घरात तो आणि त्याची आई. दोन वर्षांनी, दसऱ्याच्या आधी, त्याचा मला फोन आला.

"युसूफचाचा, अलमारीवर थोडे ओरखडे पडले. दिवाळीच्या आत पहिल्यासारखी करून द्या. सासरे येऊन राहिले दिवाळीत. त्यांनी इतकं हौसेनं दिलेलं, त्यांना वाईट नको वाटायला."

मी विचारलं, वणीत कोणी नाही का? तो म्हणाला, एकाला दाखवली होती, तो म्हणाला की ज्याचा हात आहे त्यालाच बोलवा, दुसऱ्याचा हात लागला तर डाग दिसेल. मी खूश झालो. हे लिहायला आज लाज वाटते, पण झालो. शिवाय जावई सासऱ्याच्या मनाचा इतका विचार करतो, याचं नसीमजवळ कौतुकसुद्धा केलं.

वणीत कोळशाची धूळ. खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की काळं होतं, आणि ओल्या पॉलिशवर ती बसली की काम वाया. म्हणून मी फरशीवर पाणी मारलं, खिडक्या लावल्या आणि टॉर्च बाजूनं धरला. समोरून उजेड टाकला तर ओरखडा लपतो, बाजूनं टाकला की उठून दिसतो. काम सुरू करण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढतो. तो काढायला लागलो तर जावई म्हणाला, "फोटो नका काढू चाचा, बेडरूम आहे." ठीक आहे म्हटलं, मोबाइल खिशात टाकला.

उजव्या दारावर, साधारण माझ्या खांद्याच्या उंचीला, अर्धगोल खुणा होत्या. एक पाहिली, मग शेजारी दुसरी, मग पाच. सगळ्या एका मापाच्या, नख ठेवलं तर रुतेल इतक्या खोल. पोरं खेळताना इतक्या उंचीवर काही मारत नाहीत आणि त्या घरात पोर नव्हतंच. त्यांच्या खाली लांब ओरखडे, सगळे एकाच दिशेनं ओढल्यासारखे. त्यावरून बोट फिरवलं तर काहीतरी टोचलं. ब्लेडच्या टोकानं काढून पाहिलं, हिरवी काच होती. बांगडीची.

जावई दारातच उभा होता. त्याच्या कमरेला रुंद पट्टा होता, गोल कडांचं पितळी बकल. मी बकलाकडे पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

"काहून, काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. लाकूड कापलं गेलं. लाख भरा लागन."

"मग भरा ना."

मी भरली. आधी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवून पाहिली. लाकूड नुसतं दबलं असेल तर वाफेनं फुगून वर येतं. हे आलं नाही, कारण आतले तंतूच तुटले होते. मग लाख तापवून, गेरू मिसळून, रंग जुळेपर्यंत चार वेळा बदलून, एकेक खूण भरली. हात काम करून राहिले होते आणि डोकं त्यांना कारणं पुरवून राहिलं होतं. ट्रकची साखळी लागली असेल. सामान हलवताना घासलं असेल. बांगडी तर कोणाचीही फुटते.

अनघा चहा आणून फरशीवर ठेवायची. लग्नात हिरव्या चुड्यानं भरलेल्या हातात प्लास्टिकच्या दोन बांगड्या होत्या. एक शब्द बोलायची नाही, कारण सासू मागं उभी. दुसऱ्या दिवशी सासू फोनवर बोलत बाहेर गेली, तेव्हा अनघा दाराच्या चौकटीला धरून थांबली आणि हळूच म्हणाली, "चाचा, सगळं निघून जाईल का हे?"

मी काय म्हणालो सांगतो. मी म्हणालो, "फिकर नको करू बेटा. असं करून देतो की कोनाच्या बापाले दिसनार नाही."

ती कपबशी उचलून गेली. मला वाटलं, पोरीला बरं वाटलं असेल.

तिसऱ्या दिवशी जावयानं मोबाइलचा टॉर्च लावून दार पाहिलं, हात फिरवला आणि म्हणाला, "मानलं चाचा तुम्हाला." मी पिशवी उचलली. यवतमाळपर्यंत खिडकीजवळ जागा मिळाली होती, तरी मला सारखं वाटत होतं की काहीतरी तिथंच विसरून आलो. दोनदा पिशवी उघडून सामान पाहिलं, सगळं होतं.

दिवाळी झाली. आठ-दहा दिवसांनी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मुळे बाबू भेटले. खुशीत होते. मला जवळ बसवलं.

"युसूफ, काय हात आहे रे तुझा. दोन वर्षं झाली, अलमारी जशीच्या तशी. मी मुद्दाम चष्मा लावून पाहिली. एक ओरखडा नाही."

मी मान हलवली.

"खरं सांगू? मी काळजीतच गेलतो. पोरगी फोनवर काहीबाही सांगून राहिली होती. मारतो म्हणे. पट्ट्यानं. मी दोन दिवस राहिलो, घर पाहिलं, माणसं पाहिली. अरे, जे लोक आपण दिलेलं सामान इतकं जपतात ते सुनेला जपणार नाहीत? लाडात वाढली, आई नाही, जरा कोणी बोललं की लागतं तिला. समजावून आलो, की बाई, थोडं सोसावं."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. बाबूंनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, पित्त झालं आहे. आणि उठून घरी आलो.

त्यानंतरचा एक महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. ज्या अलमारीकडे बोट दाखवून ते पोरीला खोटी म्हणाले होते, ती मी गुळगुळीत केली होती. सांगावं तर कोणत्या तोंडानं? तीन दिवस तिथं बसून, सगळं पाहून, गेरू कालवत होतो. आणि बाबू म्हणाले असते, दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडणारा तू कोण? जावयानं गावभर केलं असतं की हा मुसलमान पॉलिशवाला घरात घुसतो आणि बाहेर जाऊन सुनांबद्दल बोलतो. मग दिग्रसपासून वणीपर्यंत एकही दार उघडलं नसतं. हे सगळं मी मनात घोळवायचो, आणि तेवढ्यात वाटायचं, आत्ता तिथं काय चाललं असेल? आता तर भरलेल्या जागेच्या शेजारी नवी खूण पडली असेल.

बहाणे काढून मी जावयाला फोन करायचो. पॉलिश पांढरं तर नाही ना पडलं? वास गेला का? कान मात्र मागच्या आवाजाकडे, कुठं भांडं वाजतं का, पोरगी बोलताना ऐकू येते का. पहिल्यांदा ती मागून काहीतरी म्हणाली तर मला हायसं वाटलं. दुसऱ्यांदा काहीच ऐकू आलं नाही, तर जेवण गेलं नाही. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "चाचा, काही झालं नाही अलमारीला. तुम्ही फोन नका करत जाऊ."

त्या दिवसांत माझं पुसदचं एक टेबल पार बिघडलं. हात थांबला तिथंच गुंडी चिकटली. इतक्या वर्षांत असं शिकाऊ माणसासारखं झालं नव्हतं. नसीमनं समोर बसवून विचारलं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हमारी रुखसाना होती तो?" रुखसाना आमची मुलगी, दारव्ह्याला दिलेली. मी चपला घातल्या.

मुळे बाबू ओसरीत पेपर वाचत होते. मी उभ्यानंच सांगितलं. पाच खुणा, बकलाचं माप, हिरवी काच, फोटो काढू नका म्हणाला ते. बाबूंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग रागानं लाल झाला.

"तू हे आज सांगून राहिला? मी तिथं जाऊन तिला... तिला खोटी ठरवून आलो. आणि युसूफ, पुरावा काय? तूच म्हणतो की तू काही शिल्लक ठेवलं नाही."

"आहे बाबू. सगळं आतच आहे. मी फक्त वरून झाकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं वणीला गेलो. मी फोनवर कळवलं होतं की शेवटचा एक हात राहिला आहे, द्यायला येतो. बाबू सोबत येतात हे सांगितलं नव्हतं. गाडीत बाबू एकदाच बोलले. म्हणाले, "काही निघालं नाही तर?" मी म्हटलं, निघन. पण मलाही तीच धास्ती होती. तापवून भरलेली लाख मुरली की घट्ट होते. भरलेलं निघालं नसतं, नुसतं पॉलिश खराब झालं असतं, तर त्या पोरीचं पुढं काय झालं असतं? माझी पिशवी मांडीवर होती आणि बाटल्या खणखण वाजून राहिल्या होत्या. रस्ता तसा चांगला होता.

जावई घरीच होता. सासऱ्यांना पाहून त्याचं तोंड उतरलं, पण पाया पडला. सासूनं चहा टाकायला सांगितलं. मी सरळ आतल्या खोलीत गेलो, नवी मलमल घेतली, स्पिरिटमध्ये चिंब भिजवली आणि अलमारीसमोर उभा राहिलो. हात पुढं जाईना. स्वतःचं काम स्वतःच्या हातानं मी कधी बिघडवलं नव्हतं, आणि हे तर माझ्या आवडीचं काम. दारात अनघा उभी होती. मी तिच्याकडे न पाहता फडकं दारावर दाबलं आणि जोरानं ओढलं.

चमक गेली. फडक्यावर लाख तांबडी होऊन आली. पुन्हा भिजवलं, पुन्हा ओढलं. खोलीत स्पिरिटचा वास भरला. "चाचा, हे काय करून राहिले?" असं म्हणत जावई आत आला, त्याच्या मागं बाबू. मी ब्लेडचं टोक घेतलं आणि मऊ झालेली लाख उचलली. एक खूण उघडी झाली. मग दुसरी. पाचही झाल्या. त्यांच्या खालचा एक ओरखडा मी घाईत भरला होता, त्यात काचेचा बारका तुकडा दबून राहिला होता. तोही निघाला. मी तो बाबूंच्या तळहातावर ठेवला.

बाबूंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. काच पाहिली. मग एकेका खुणेवर बोट ठेवून पाहिलं, जसे ते अख्खा जन्म शिक्के आणि सह्या पाहत आले. सासू म्हणाली, "सामान हलवताना लागलं असन कुठं." जावई माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुला पाहून घेतो." मी स्पिरिटच्या बाटलीचं झाकण लावून ती पिशवीत टाकली.

बाबूंनी मुलीला विचारलं, "अनू, हे कशाचं?"

"पट्ट्याचं," ती म्हणाली. "मी फोनवर सांगितलं होतं तेच."

बाबू तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मग म्हणाले, "बॅग घे बेटा. जेवढं हाताला लागेल तेवढं घे." पंधरा मिनिटांत आम्ही तिघं रस्त्यावर होतो. ऑटो मिळेपर्यंत मी सारखा मागं पाहत होतो.

पुढचं वकिलांचं काम आहे, ते चालू आहे, त्याबद्दल मी लिहीत नाही. मी साक्ष दिली. तीन-चार घरांनी मला बोलावणं बंद केलं, त्यात एक घर वीस वर्षांचं होतं. वाईट वाटलं. पण नवी दोन-चार घरं अशीही निघाली, जिथल्या बायकांनी स्वतः फोन करून बोलावलं. जावयाच्या धमकीची भीती अजून गेलेली नाही. अनोळखी नंबर आला की आजही आधी नसीमला दाखवतो.

अनघा आता दिग्रसच्या एका शाळेत शिकवते. सामान परत आलं तेव्हा वकिलानं अलमारीचे फोटो काढून घेतले आणि सांगितलं की आता दुरुस्त करायला हरकत नाही. मागच्या महिन्यात बाबूंचा निरोप आला. मी गेलो. त्याच ओसरीत अलमारी उभी होती, उजवं दार कोरडं, भुरकट, माझ्याच फडक्याच्या ओढलेल्या रेघा त्यावर दिसत होत्या. मी लाख तापवायला ठेवली. अनघा शाळेतून आली, चहा घेऊन आली आणि या वेळी निघून न जाता समोर खुर्ची ओढून बसली. हातात काचेच्या बांगड्या होत्या, निळ्या. बराच वेळ ती माझे हात पाहत होती.

मग म्हणाली, "चाचा, एक विचारू? राग नाही आहे, नुसतं विचारते. तुम्ही तीन दिवस होते तिथं. मी दिवसातून चार वेळा चहा आणत होती. तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"हो बेटा."

"मग मला काही विचारलं काहून नाही?"

मी गुंडी खाली ठेवली. महिनाभर जी कारणं मी स्वतःला दिली होती, ती आठवली. धंद्याची पद्धत, परक्याचं घर, धर्म, गिऱ्हाइकं, सगळं खरं होतं, आणि तिच्यासमोर सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"मले भेव वाटलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. खुर्चीवरून उठली, माझा रिकामा कप उचलला.

"मलाही वाटत होतं चाचा," ती म्हणाली. "तरी मी सांगितलं होतं."